वापरलेली महिंद्रा एक्सयूव्ही ५०० : नेहमीचे बिघाड आणि दुरुस्तीचा खर्च – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकणच्या कारखान्यात तयार झालेली महिंद्रा एक्सयूव्ही ५०० सप्टेंबर २०११ मध्ये बाजारात आली आणि २०२१ मध्ये तिची जागा एक्सयूव्ही ७०० ने घेतली. सात माणसे, त्यांचे सामान आणि घाटरस्ता या तिन्हींना पुरी पडणारी ही गाडी आता नव्या लहान हॅचबॅकच्या किमतीत किंवा त्याहूनही स्वस्तात मिळते, त्यामुळे एकत्र कुटुंबांकडून तिला मोठी मागणी आहे. मात्र खरेदीची किंमत कमी झाली तरी गाडीचे सुटे भाग मोठ्या गाडीचेच राहतात आणि त्यांची किंमतही मोठ्या गाडीचीच असते. ही गोष्ट सौदा होण्यापूर्वी समजली पाहिजे, या हेतूने पुढील प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. खर्चाचे आकडे हे सुटे भाग आणि मजुरी धरून काढलेले, चांगल्या खासगी गॅरेजमधील ढोबळ अंदाज आहेत. शहर, गाडीचे वर्ष आणि भागाचा दर्जा यांनुसार त्यांत फरक पडेल, आणि कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात साधारणपणे याहून जास्त बिल होईल.

कोणत्या वर्षाच्या गाडीत काय मिळते?

सुरुवातीच्या गाड्यांत २.२ लिटरचे, म्हणजे २,१७९ सीसीचे, १४० अश्वशक्तीचे एमहॉक डिझेल इंजिन आणि सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स होता. मे २०१५ मध्ये गाडीचे रूप बदलले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला. एप्रिल २०१८ मधील बदलानंतर इंजिनाची शक्ती १५५ अश्वशक्तीपर्यंत वाढली, आणि २०२० पासूनच्या गाड्या बीएस-६ (धुरातील प्रदूषणाची मर्यादा ठरवणाऱ्या) मानकाच्या आहेत. दिल्ली परिसरात २,००० सीसीवरील डिझेल गाड्यांच्या नोंदणीवर बंदी आली, तेव्हा २०१६ मध्ये १.९९ लिटर इंजिनाच्या गाड्याही विकल्या गेल्या. तशी गाडी समोर आली तर सुटा भाग मागवताना चॅसी क्रमांक सांगूनच मागवावा.

माझे मत विचाराल, तर खिशाला परवडत असेल त्यांनी २०१५ च्या बदलानंतरची गाडी पाहावी. पहिल्या दोन वर्षांतील गाड्या सर्वांत स्वस्त मिळतात, परंतु त्यांतील विजेच्या आणि सेन्सरच्या किरकोळ तक्रारी सर्वाधिक असतात.

इंजिन किती किलोमीटर चालते?

इंजिन हा या गाडीचा सर्वांत भक्कम भाग आहे. त्यात टायमिंग बेल्टऐवजी साखळी असल्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलण्याचा मोठा खर्च येत नाही. वेळेवर ऑइल बदललेली इंजिने अडीच-तीन लाख किलोमीटरपर्यंत हेड (इंजिनाचा वरचा भाग) न उघडता चालल्याची उदाहरणे गॅरेजमध्ये नेहमी पाहायला मिळतात. ‘वेळेवर’ या शब्दाला मात्र येथे महत्त्व आहे, कारण टर्बोच्या (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या भागाच्या) बेअरिंगपासून साखळीच्या टेन्शनरपर्यंत सर्व काही त्याच ऑइलवर अवलंबून असते. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते पाळलेले असावे. रोज शहरातच फिरणाऱ्या गाडीचे ऑइल सात-आठ हजारांवर बदललेले उत्तम. फिल्टरसह नेहमीची सर्व्हिस ९ ते १४ हजार रुपयांत होते. साखळीची खडखड, ऑइलची गळती किंवा ऑइल भरण्याच्या झाकणातून सतत बाहेर येणारी वाफ दिसली, तर इंजिनाचे काम निघण्याची शक्यता असते. संपूर्ण इंजिन उघडून रिंग, बेअरिंग आणि हेडचे काम करायचे झाल्यास सव्वा ते पावणेदोन लाखांची तयारी ठेवावी लागते. अशा गाडीचा सौदा सोडून देणे हेच शहाणपणाचे.

क्लच लवकर जातो, असे सगळे म्हणतात. ते खरे आहे का?

हे खरे आहे, परंतु त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. गाडीचे वजन रिकामी असतानाच पावणेदोन टनांहून अधिक आहे. इंजिनाचा खरा जोर सुमारे १,६०० आरपीएमच्या पुढे मिळतो. त्यामुळे कोंडीत गाडी हळूहळू पुढे सरकवताना किंवा सोसायटीच्या तळघरातून चढ चढताना चालक नकळत अर्धा क्लच धरून ॲक्सिलरेटर देतो. चढावर मागे घेण्याची सवय असेल तर झीज आणखी वाढते. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन गाड्यांपैकी महामार्गावर चाललेल्या गाडीचा क्लच लाखभर किलोमीटर टिकतो, तर शहरातील गाडीचा पन्नास-साठ हजारांतच संपतो. म्हणून आधीची गाडी कुठे आणि कोणाच्या हातात होती, हे किलोमीटरच्या आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचे आहे.

तपासण्याची पद्धत सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये साधारण ४० च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. आरपीएमचा काटा झपाट्याने वर गेला आणि वेग मात्र त्या मानाने वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरत आहे. पॅडल अगदी वर आल्यावरच गाडी हलू लागते का, पॅडल जड लागते का आणि इंजिन बंद करताना गिअरबॉक्सच्या बाजूने खडखड येते का, याकडेही लक्ष द्यावे. शेवटचे लक्षण फ्लायव्हीलकडे, म्हणजे क्लच ज्यावर बसतो त्या जड चाकाकडे, बोट दाखवते.

या गाडीत क्लच बदलण्यासाठी ड्राइव्ह शाफ्ट काढून गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, म्हणून मजुरीच बरीच होते. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा संच एकत्रच बदलावा, कारण दोन हजार वाचवण्यासाठी जुने बेअरिंग ठेवले आणि ते सहा महिन्यांनी गेले, तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. याचा एकूण खर्च २५ ते ३५ हजार रुपये येतो. फ्लायव्हीलही खराब झाले असेल, तर हाच आकडा ५० ते ७० हजारांवर जातो. गिअरबॉक्स खाली असतानाच इंजिनाच्या मागील बाजूचे ऑइल सील पाहून घ्यावे आणि गिअर ऑइल नवे भरावे. या दोन लहान कामांची आठवण मिस्त्रीला आपणच करून द्यावी.

खड्ड्यांवरून जाताना पुढून आवाज येतो. किती खर्च येईल?

वापरलेल्या एक्सयूव्ही ५०० बद्दल सर्वाधिक विचारला जाणारा हा प्रश्न आहे आणि ‘सस्पेन्शनचे काम आहे’ एवढे मोघम उत्तर ऐकून कोणीही पैसे देऊ नयेत. वेगवेगळे आवाज वेगवेगळ्या भागांचे असतात. लहान, ओळीने असलेल्या खड्ड्यांवर हलका टकटक आवाज येत असेल तर बहुधा लिंक रॉड (सस्पेन्शनमधील जोडदांडी) सैल झालेला असतो. तो बदलणे दर बाजूला हजार ते दोन हजारांचे काम आहे. ब्रेक दाबताना किंवा गतिरोधकावरून उतरताना धप्प असा आवाज येत असेल आणि गाडी एका बाजूला ओढत असेल, तर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे रबरी बैठक, किंवा बॉल जॉइंट गेलेला असतो. पूर्ण लोअर आर्म बदलल्यास दर बाजूला ४ ते ६ हजार रुपये लागतात. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग कुरकुरली तर शॉक ॲब्सॉर्बरच्या वरचे माउंटिंग पाहावे. शॉक ॲब्सॉर्बरवर तेल ओघळलेले दिसले, तर तो बदलण्याला पर्याय नाही. पुढची जोडी मजुरीसह ११ ते १६ हजारांत होते आणि ती नेहमी जोडीनेच बदलावी, कारण एक नवा आणि एक जुना शॉक ॲब्सॉर्बर असला तर वळणावर गाडीचा तोल बिघडतो.

मागील बाजूस मल्टिलिंक रचना आहे. त्यामुळे सातही जण बसल्यावर गाडी आरामदायी वाटते, पण त्यातील बुशांची संख्या जास्त असते. पुढचे सगळे बदलूनही आवाज राहिला, तर गाडीच्या मागील बाजूस शोध घ्यावा. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट केलेच पाहिजे. ते टाळल्यामुळे पुढच्या टायरची आतली कड चार-पाच हजार किलोमीटरमध्ये घासून जाते आणि सस्पेन्शनवर वाचवलेल्या पैशांपेक्षा टायरवर जास्त खर्च होतो. २३५/६५ आर १७ मापाचा चांगला टायर ९ ते १३ हजारांना एक पडतो.

स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ‘कट कट’ आवाज येतो, तो कशाचा?

बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आहेत. ड्राइव्ह शाफ्टच्या टोकावरचे रबरी बूट फाटले की आतील ग्रीस निघून जाते, माती शिरते आणि जॉइंट कटकटू लागतो. नुसता बूट फाटलेला असताना काम दीड-दोन हजारांत आटोपते, तर जॉइंट गेल्यावर तेच ७ ते १२ हजारांचे होते. गाडी रॅम्पवर चढवली की बूट पाहायला एक मिनिट पुरते.

पिकअप कमी झाला आहे आणि काळा धूर येतो. टर्बो गेला का?

बहुतेक वेळा टर्बो गेलेला नसतो, आणि म्हणूनच येथे घाई करू नये. टर्बो बदलण्याचा सल्ला देणे सोपे असते, पण कारण शोधण्याचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. प्रथम एअर फिल्टर पाहावा. मग इंटरकूलरला जाणारे रबरी पाइप तपासावेत, कारण त्यांतील बारीक चीर बोटाने चाचपल्याशिवाय दिसत नाही आणि दाबाखाली तेथून हवा निसटते. त्यानंतर व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, टर्बोच्या ॲक्च्युएटरची दांडी मोकळी हलते का, आणि शेवटी ईजीआर वाल्व्हवर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेवर) साचलेला काजळीचा थर पाहावा. ईजीआर साफ करणे २ ते ४ हजारांत होते. नवा बसवायचा झाल्यास १२ ते १८ हजार लागतात. एवढे सगळे पाहून झाल्यावरही स्कॅनरवर टर्बोचा दाब कमी दिसला आणि पाइपमध्ये ऑइल साचलेले आढळले, तरच टर्बोकडे वळावे. चांगल्या कारागिराकडून दुरुस्ती २० ते ३० हजारांत होते, तर नव्या टर्बोला त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त पैसे लागू शकतात.

टर्बो खराब होण्याचे मुख्य कारण ऑइल हेच आहे. एक सवय आजपासून लावून घ्यावी : द्रुतगती मार्गावर वेगाने आल्यानंतर किंवा खंबाटकी घाट चढून वर आल्यानंतर गाडी थांबवून लगेच इंजिन बंद करू नये. मिनिटभर ते तसेच चालू ठेवल्यास तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहते.

सकाळी गाडी उशिरा स्टार्ट होते. इंजेक्टर बदलावे लागतील का?

आधी बॅटरी, ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होण्यासाठी आतली हवा तापवणारे प्लग) आणि डिझेल फिल्टर पाहावेत. फिल्टरमध्ये साचलेले पाणी काढून टाकण्याची सोय असते आणि पावसाळ्यात ते काढले पाहिजे. एवढ्याने फरक पडला नाही, तर चारही इंजेक्टर चाचणी यंत्रावर लावून त्यांचा परतीचा प्रवाह मोजून घ्यावा. चारपैकी एकच दोषी असेल, तर चारही बदलण्याची गरज नसते. दुरुस्ती दर इंजेक्टरला ५ ते ८ हजार, नवा इंजेक्टर १५ हजारांच्या पुढे. नवा किंवा दुरुस्त इंजेक्टर बसवल्यावर त्याचा संकेतांक स्कॅनरने इंजिनाच्या संगणकात भरावा लागतो. तो न भरताच गाडी परत दिली, तर इंजिन थरथरते आणि नवा भाग वाईट निघाला असा गैरसमज होतो.

एसी पुढे गार करतो, मागे करत नाही.

मागच्या रांगांसाठी वेगळ्या झडपा आहेत आणि तिसऱ्या रांगेपर्यंत थंडावा पोहोचायला गॅसचा दाब पूर्ण असावा लागतो. गॅस कमी झाला याचा अर्थ तो कुठूनतरी गळतो आहे. गळती न शोधता दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरून घेणे म्हणजे दरवर्षी २ हजार वाया घालवणे आहे. कंडेन्सर गळत असेल तर ७ ते १० हजार, आणि कॉम्प्रेसर गेला असेल तर १८ ते २८ हजार लागतात. कूलिंग कॉइल गळत असेल तर भागापेक्षा मजुरीच जास्त होते, कारण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. हे काम जुळणीत तरबेज असलेल्या माणसाकडेच द्यावे, नाहीतर नंतर डॅशबोर्डमधून कायम खडखड येत राहते.

तापमानाचा काटा वर जातो. तरी गाडी चालवत घरी आणली तर चालेल का?

अजिबात चालणार नाही. गाडी त्याच क्षणी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि टोइंगने आणावी. गरम असताना कूलंटचे झाकण उघडू नये. थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप किंवा रेडिएटर यांचे काम ३ ते १२ हजारांत होते, मात्र त्याच गाडीने आणखी दहा किलोमीटर कापले आणि हेड वाकले, तर खर्च ५० हजारांच्या पुढे जातो. टोइंगचे दोन-तीन हजार हा येथे सर्वांत स्वस्त पर्याय आहे.

ऑटोमॅटिक गाडी घ्यावी का?

शहरात चालवायची असेल तर जरूर घ्यावी. क्लचचा मोठा खर्च त्यात नाही आणि तो गिअरबॉक्स नीट जपला तर दीर्घकाळ चालतो. थंड इंजिनावर ‘डी’ आणि ‘आर’ मध्ये टाकताना झटका बसतो का आणि चढावर गिअर पकडायला उशीर होतो का, हे पाहावे. गिअरबॉक्सचे ऑइल कधी बदलले, याची नोंद मागावी. ऑइल बदलण्यास १० ते १५ हजार लागतात. गिअरबॉक्स उघडावा लागला तर खर्च लाखात जातो.

२०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत वेगळी काय काळजी घ्यावी?

तिच्यात काजळी अडवणारा डीपीएफ असतो आणि तो स्वतःला साफ करण्यासाठी अधूनमधून सलग, मोकळ्या रस्त्यावरची धाव मागतो. मुलांना शाळेत सोडणे आणि भाजी आणणे एवढ्याच कामासाठी ही गाडी घेतली, तर डीपीएफचा दिवा वारंवार लागेल. रोजचा प्रवास पाच-सहा किलोमीटरचा असणाऱ्यांनी डिझेल गाडी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुरातील गाडी कशी ओळखावी?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेले होते. अशा पुरात बुडालेल्या अनेक गाड्या नंतर स्वच्छ करून दुसऱ्या शहरांत विकायला येतात. या गाडीत संगणक, सेन्सर आणि वायरिंग भरपूर असल्यामुळे पाण्याचा दोष एकदाच खर्च करून जात नाही, तो वर्षभर निरनिराळ्या रूपांत पुन्हा वर येतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेषा आहे का, ते पाहावे. सीटखालच्या बोल्टना आणि रुळांना गंज, कार्पेट उचलल्यावर येणारा कुबट वास, स्टेपनीच्या खाचेत वाळलेला चिखल आणि फ्यूज बॉक्सच्या पिनांवरचा हिरवट थर ही खात्रीची लक्षणे आहेत. विम्याच्या दाव्याचा इतिहास विमा कंपनीकडून मागवावा. कोकणातील गाडीला खालून गंज असू शकतो, परंतु तो पुराचा पुरावा मानू नये. खाऱ्या हवेचा गंज बाहेरच्या लोखंडावर असतो, सीटखाली नसतो.

दुरुस्ती अधिकृत केंद्रात करावी की खासगी गॅरेजमध्ये?

एअरबॅग, एबीएस, इंजिनाचा संगणक आणि चावी यांची कामे अधिकृत केंद्रात करावीत. क्लच, सस्पेन्शन, ब्रेक आणि नेहमीची सर्व्हिस ही कामे या गाडीची माहिती असलेला खासगी मिस्त्री तितक्याच चांगल्या रीतीने आणि कमी मजुरीत करतो. सुटे भाग मात्र कंपनीचेच किंवा मूळ उत्पादकाचेच घ्यावेत आणि जुना काढलेला भाग हातात मागून घ्यावा. खरेदीपूर्वी गाडीचा क्रमांक देऊन अधिकृत केंद्रातून जुन्या सर्व्हिसची यादी काढून घेतल्यास किलोमीटरचा आकडा मागे फिरवला आहे का, तेही कळते. चॅसी क्रमांक सांगून परत बोलावणीचे (रिकॉलचे, म्हणजे कंपनीने दोष दुरुस्तीसाठी गाड्या बोलावल्याचे) एखादे काम राहिले आहे का, हेही त्याच वेळी विचारावे, कारण ते विनामूल्य होते.

पहिल्या वर्षासाठी किती पैसे बाजूला ठेवावेत?

एक ते सव्वा लाख किलोमीटर चाललेल्या मॅन्युअल गाडीसाठी किमान ८० हजार ते एक लाख रुपये वेगळे ठेवावेत. त्यात पूर्ण सर्व्हिस, पुढचे सस्पेन्शन, ब्रेक पॅड आणि बॅटरी ही कामे निश्चित धरावीत, आणि क्लच किंवा टायर यांपैकी एक. पूर्ण रक्कम गाडीच्या किमतीत घालून हात रिकामे झालेला माणूस पहिले दुखणे अंगावर काढतो, आणि सैल लिंक रॉडवर चालवलेली गाडी पुढे लोअर आर्म आणि टायरही खाते. गाडी चार लाखांना मिळत असेल आणि आपल्याकडे चारच लाख असतील, तर तीन लाखांची गाडी शोधावी.

गाडी पाहायला केव्हा जावे?

सकाळी जावे, आणि आपण येईपर्यंत इंजिन सुरू करू नये असे आदल्या दिवशीच मालकाला सांगून ठेवावे. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहावे. ते कोमट लागले तर थंड इंजिनाची परीक्षा झालीच नाही असे समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. फेरी अर्ध्या तासाची असावी, तिच्यात एक चढ, एक खराब रस्ता आणि एक मोकळा पट्टा असावा, आणि शक्य झाल्यास घरातील चार-पाच जणांना सोबत बसवावे, कारण क्लच आणि मागील सस्पेन्शन यांचे दोष भरलेल्या गाडीतच बोलतात.

२०११-१२ ची गाडी आता घ्यावी का?

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यामुळे या गाड्यांची मुदत २०२६-२७ मध्ये संपते. नूतनीकरणासाठी आरटीओकडून तपासणी करून घ्यावी लागते, त्याचे शुल्क मोटारींसाठी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये करण्यात आले होते आणि राज्याचा पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. तपासणीत टिकण्यासाठी ब्रेक, दिवे, धूर आणि पत्र्याची कामे करावी लागली, तर तो खर्चही याच वर्षात येतो. म्हणून अशी गाडी घ्यायचीच असेल, तर मालकाने नूतनीकरण करून दिल्यानंतर घ्यावी, किंवा तेवढी रक्कम किमतीतून वजा करून घ्यावी.